काहीच बिघडलेलं नाही

त्याची-माझी पहिली भेट जिन्यात झाली, आणि पहिल्याच भेटीत मी त्याच्या अंगावर ओरडले.

मी घरी केक करून विकते. त्या दिवशी केक अर्धवट फुगलेला, आणि ओव्हनने मान टाकली! मी दार उघडून धावत सुटले, तर समोरून हा वर येतोय... खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी पक्कड.

"तुम्ही वायरमन ना?"

"हो, पण मला वरच्या मजल्यावर—"

"वरचे थांबतील. माझा केक थांबणार नाही!"

तो गालातल्या गालात हसला. मला रागही आला आणि छानही वाटलं. त्याने आपल्या दुकानातून कॉइल आणून बसवली, ओव्हन तापला, पण केक बसला तो बसलाच. तरी एक तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "झकास! उंचीचं काय घेऊन बसलात, मी तरी कुठे फार उंच आहे?"

त्यानंतर आमच्या घराला जणू साथच लागली. मिक्सर जळला. मग वॉशिंग मशीन ओल्या कपड्यांसकट बंद पडलं. मग ऐन सामन्यात टीव्ही गेला आणि बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. दर वेळी मी फोन करायची आणि तो यायचा.

"आज कोणाचा नंबर?" तो दारातूनच विचारायचा.

"इस्त्री. तुम्हाला दुसरी कामं नाहीत का हो? लगेच येता!"

"आहेत ना. पण तिथे कोणी ओरडत नाही... करमत नाही."

मी तोंड फिरवायची. कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या, त्या त्याला दिसू नयेत म्हणून.

बाबांना मात्र तो डोळ्यासमोर नको असायचा. बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दुरुस्तीचं वेड घेऊन बसलेत. त्यांनी उघडलेली वस्तू बंद करताना दोन स्क्रू हमखास उरतात. 'कंपनीने जास्तीचेच दिले होते' म्हणून मोकळे होतात.

"हा एक वस्तू नीट करतो आणि दुसरी बिघडवून जातो," बाबा म्हणाले. "धंदाच आहे त्याचा!"

"काका, एकदा जिन्यातला मेन बोर्ड बघू द्या," तो दर वेळी सांगायचा. "दिवे मध्येच भगभगतात. मला लक्षण बरं दिसत नाही, अशाने आगही लागते."

"तो बोर्ड मी स्वतःच्या हाताने बसवलाय. त्याला हात लावायचा नाही."

मग फ्रिज गेला. तो आला तर बाबा दारातच उभे. "आता पुरे. यापुढे तुम्ही आमच्याकडे यायचं नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो वळून जिना उतरायला लागला.

"थांबा!" मी ओरडले. "बाबा, ते असं करणार नाहीत. बोर्ड त्यांना उघडू द्या, नाहीतर मी उघडते. कुठाय स्क्रूड्रायव्हर?"

"अहो, तिच्या हातात काही देऊ नका," आई आतून ओरडली. "ती तुमच्यावर गेलीय!"

बाबा बाजूला झाले. त्याने मेन बंद करून बोर्ड उघडला. आत एक तार टोकाशी काळी पडली होती. आता हा बाबांना चांगलंच ऐकवणार, असं मला वाटलं. त्याच्या जागी मी असते तर सोडलं नसतं.

"काका, जोडणी सगळी बरोबर आहे," तो हळूच म्हणाला. "फक्त ही न्यूट्रलची तार ढिली राहिलीय. म्हणून व्होल्टेज उड्या मारत होतं." त्याने तारेचं जळलेलं टोक कापून नवं सोललं आणि स्क्रूड्रायव्हर बाबांपुढे धरला. "तुम्हीच आवळा."

बाबांनी आवळलं. त्यावर त्याने स्वतः एक पीळ दिला, मेन चालू केला आणि फ्रिजही मार्गी लावला. बाबा ओशाळून म्हणाले, "चहा टाकायला सांगतो. बसा."

माझं मन तिथेच, त्या जिन्यातल्या बोर्डासमोर, त्याचं झालं.

निघताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता काही बिघडणार नाही."

"काहीच?"

"काहीच..." म्हणाला, आणि पिशवी खांद्याला अडकवून जिना उतरला.

आणि खरंच, मेलं काही बिघडेना! ओव्हन तापतोय, मिक्सर गरगरतोय, फ्रिज सुखाने गुरगुरतोय. एखाद्या फ्रिजचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. तो फिरकला नाही. येणार तरी कशाला? एकदा मिक्सरची वायर उपटायला हात गेला होता, पण त्याने एवढ्या मनापासून बसवलेली... नाही झालं माझ्याच्याने.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि त्याच्या दुकानात गेले. तिथे एक काकू मिक्सर घेऊन बसलेल्या.

मला बघून तो उठलाच. "काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मग?"

"मग काय मग! तुम्ही येत नाही. मला करमत नाही. मला तुम्ही आवडता!"

काकूंनी मिक्सर मांडीवर घट्ट धरला आणि कान टवकारले.

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली आणि म्हणाला, "त्या दिवशी काकांनी स्क्रू आवळला ना, तो जरा कमीच होता. तसाच सोडला असता तर महिन्याभरात पुन्हा काहीतरी गेलं असतं. तुम्ही फोन केला असता, मी आलो असतो... हात थांबला होता माझा."

"मग पिळलात का?"

"तुम्ही झोपता त्या घरात."

एवढी बडबडी मी, पण डोळेच भरून आले.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "माझा मिक्सर उद्या बघ हो तू."

"पण काकांना काय सांगू?" त्याने घाबरत विचारलं. "आता कशासाठी आलो म्हणून?"

"त्यांना काय सांगायचंय?" मी डोळे पुसत हसले. "बाबांना सांगूनच आलेय मी."