लिमलेटच्या वासाचा माग

"वास घे," ऋचाने कॉफीच्या बियांची मूठ तिच्या मित्राच्या, आर्यनच्या नाकाशी धरली. "कसला येतोय?"

"भज्यांचा. पण भूक लागली की मला सगळ्यालाच भज्यांचा वास येतो."

ऋचाला हसू आलं नाही. खांदा कॉलनीतल्या छोट्या गाळ्यात तिची विनिता मावशी कॉफी भाजून विकायची. चिकमगळूरहून आलेल्या या कॉफीचा पहिला घोट ऋचाने घेतला, तेव्हा जिभेवर चक्क संत्र्याची लिमलेटची गोळी विरघळली होती! साखर नाही, इसेन्स नाही. कॉफीची फळं सालीसकट वाळवली की गोडवा आतल्या बीमध्ये मुरतो, असं मावशीने सांगितलं होतं.

उद्या सकाळी मुंबईचे कॅफेवाले सत्यजीत सबनीस चव घ्यायला येणार होते. त्यांना पसंत पडली नाही तर मावशी गाळा बंद करून पुण्याच्या नोकरीवर परतणार होती. ते ऋचाला नको होतं. तिचं मत विचारून उत्तरासाठी थांबणारं मोठं माणूस एकच होतं, ते म्हणजे मावशी.

आणि आज भाजलेल्या कॉफीतून गोळीची ती चव गायब झाली होती. शिवाय मागच्या खोलीतल्या दोन पोत्यांपैकी दुसरं पोतंही जागेवर नव्हतं. मावशी डोक्याला हात लावून बसली होती.

ऋचाने बोटं चोळली. ती चकचकीत, बुळबुळीत झाली होती. हा वास तिच्या ओळखीचा होता, मे महिन्यात आईच्या तूरडाळीच्या डब्यातला. एरंडेल!

एरंडेल लावण्याआधी आई डाळ गच्चीवर वाळवायची, म्हणून दोघं गच्चीवर धावली. कुरडयांच्या शेजारी वाळत घातलेल्या जुन्या लुगड्याच्या घडीत कॉफीची एक बी अडकली होती. लुगडं होतं वरच्या मजल्यावरच्या कमलाकरकाकांच्या घरचं, आणि मावशी गावाला गेली की, जशी ती परवा गेली होती, गाळ्याची किल्लीही त्यांच्याकडेच असायची.

"चोर!" आर्यन कुजबुजला.

"मोठ्या माणसाला चोर म्हणायचं नाही," ऋचा म्हणाली. "त्याला सल्ला विचारायचा."

काकांना सल्ला विचारणं म्हणजे नळ सोडणं. घरातल्या गव्हाला कीड लागलीय, एवढंच ऋचा म्हणाली.

"सोपं आहे," काका खुलले. "धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि एरंडेलाचा हात फिरवायचा. तुझ्या मावशीचं पोतं तसंच वाचवलं मी. कसला आंबूस वास मारत होतं! दुसरं शिरढोणला बहिणीकडे धाडलंय. गुणा आज धुवेल."

ऋचाने त्यांना सगळं सांगितलं. तो आंबूस वास म्हणजेच मावशीची सगळी कमाई होती, हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. गुणाबाईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मग काकांनीच चपला अडकवल्या आणि नाक्यावर सहाआसनी रिक्षा थांबवली.

शिरढोणच्या अंगणात गुणाबाई पोत्याचं तोंड सोडत होत्या. शेजारी घंगाळ काठोकाठ भरलेलं. ऋचाने धावत जाऊन पोत्यावर बसकणच मारली.

"गो बाय, ऊठ," गुणाबाई म्हणाल्या. "पावण्यांना पोत्यावर बसवायची आमाला सवय नाय. खाट हाय ना!"

पोतं कोरडं होतं. ऋचाने मूठभर बिया हुंगल्या. आंबूस वास तसाच होता, आणि तिचे डोळेच भरून आले. मावशीने संध्याकाळीच त्यातल्या बिया भाजल्या.

सकाळी सबनीस चमच्यातून इतक्या जोरात कॉफी ओढत होते, की आर्यनला हसू दाबताना उचकी लागली. मग ते एकदम थांबले.

"यात काही मिसळलंय का?"

ऋचाने कच्च्या बियांची वाटी पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ हुंगली.

"शाळेत झेंडावंदनानंतर मिळायच्या त्या गोळ्या," ते हळूच म्हणाले. "कुठे होतं हे इतकी वर्षं?" दर महिन्याला कॉफी घ्यायचं त्यांनी तिथेच कबूल केलं, आणि मुलांच्या नाकाचं तोंड भरून कौतुक केलं.

काका मात्र दाराशीच घुटमळत होते. मावशीने दुसरा कप त्यांच्या हातात दिला.

"पोतं गेलं ते गेलं. पण माझं नुकसान होऊ नये म्हणून तुम्ही भर उन्हात गच्चीवर बसलात, काका. एवढं कोण करतं कुणासाठी?"

काकांनी घोट घेतला, विचार केला आणि चमचाभर साखर मिळेल का, असं विचारलं. सगळे हसले, काकाही.

मग मावशीने ऋचापुढे कप ठेवला. "कशी झालीय, सांग."

ऋचाने सावकाश घोट घेतला. सबनीसांचा निर्णय होऊन गेला होता, तरीही मावशी तिच्या उत्तरासाठी थांबली होती.

"गोळीसारखी," ऋचा म्हणाली. "आता पुण्याला जाऊ नकोस."