कोरड्या रस्त्यावर घसरलेली गाडी

रस्ता कोरडा होता. त्यावर पाणी नव्हतं, तेल नव्हतं, वाळूसुद्धा नव्हती. गाडी नवीकोरी, ब्रेक उत्तम आणि टायर तर सगळ्यांत महागडे. तरीही जानेवारीतल्या एका सकाळी, पावणेसात वाजता, निफाडजवळच्या चाचणी मैदानात ती लाल स्पोर्ट्‌स कार वळणावर वळलीच नाही. सरळ पुढे गेली आणि कठड्यावर आदळली.

का?

‘चालकाची चूक,’ असं अहवालात लिहिलं होतं.

बारा वर्षांच्या शाल्मलीने ते दोन शब्द तीनदा वाचले. चालक म्हणजे तिची आई, हेमांगी बोरस्ते. सन २०५१ मध्ये बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत. पण वळण कसं घ्यायचं, ब्रेक कधी दाबायचा, हे त्यांना आधी कुणीतरी माणसानेच शिकवावं लागे. आई गेली अकरा वर्षं ते काम करत होती. आता तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि सोमवारच्या चौकशीत तिचा परवाना रद्द होणार होता.

“माझंच चुकलं असेल गं,” आई दवाखान्यातल्या खाटेवरून हळूच म्हणाली. “वेग जरा जास्त झाला असेल.”

शाल्मलीला अहवालाचा राग आला होताच, पण या वाक्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली. आईला स्वतःबद्दल अशी शंका घेताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती तडक ओझरला आजोबांकडे गेली. आईचे वडील, विनायकराव क्षीरसागर, रबराचे शास्त्रज्ञ होते. त्या गाडीच्या टायरचं रबर त्यांनीच तयार केलं होतं.

“आजोबा, तुमच्या टायरने आईचा पाय मोडला!” ती दारातूनच ओरडली.

आजोबांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, “रस्ता किती गार होता?”

“हवा म्हणताय का?”

“नाही. रस्ता.”

शाल्मलीने अहवाल उलटसुलट चाळला. गाडीचा वेग होता, बॅटरी किती भरली होती ते होतं, आईने रात्री किती तास झोप घेतली तेसुद्धा होतं. रस्त्याचं तापमान कुठेच नव्हतं.

आता आजोबा भडकले. त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की कप आडवा झाला. “हा उन्हाळी टायर आहे. सात अंशांखाली वापरू नका, असं मी ठळक लिहून दिलं होतं! कंपनीने ते टायरच्या पुस्तिकेत एकशे बाराव्या पानावर ढकललं. आणि मी, मूर्ख माणूस, गप्प बसलो.”

“पण रबर ते रबरच ना? थंडीत त्याला काय होतं?”

“थंडीत खोबरेल तेलाची बाटली उपडी केली, तर तेल पडतं?”

“नाही. घट्ट होतं.”

“रबर तेलासारखं गोठत नाही, पण कडक मात्र होतं. रबराचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. ऊब असली की ते वळवळतात, रबर मऊ राहतं आणि रस्त्यावरच्या बारीक खडबडीत जागांमध्ये घुसून बसतं. म्हणून घर्षण (दोन पृष्ठभागांची एकमेकांवरची पकड) वाढतं. थंडीत तेच दोरे आखडतात. मग टायर रस्त्याला धरत नाही, त्याच्यावर नुसता टेकतो.”

“मला दाखवा,” शाल्मली म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

आजोबांनी दोन टायरचे सारख्याच आकाराचे तुकडे कापले. एक उन्हाळी, दुसरा बारमाही. बारमाही तुकड्यावर असंख्य बारीक चिरा होत्या. दुपारच्या उन्हात तापलेल्या खडबडीत फरशीवर त्यांनी दोन्ही तुकडे ठेवले आणि फरशीची एक बाजू हळूहळू उचलली. शाल्मली कोनमापक धरून बसली. चाळीस अंशांच्या कोनाला बारमाही तुकडा घसरला. उन्हाळी तुकडा पंचेचाळीसपर्यंत चिकटून राहिला.

“म्हणजे तुमचाच चांगला!” ती चिडून म्हणाली.

“थांब.”

त्यांनी फरशी आणि तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी फरशीचं तापमान चार अंश भरलं. पुन्हा तीच परीक्षा. या वेळी उन्हाळी तुकडा एकतीस अंशांच्या कोनालाच सटकून खाली आला. बारमाही मात्र अडतीसपर्यंत टिकला.

शाल्मलीने विश्वास बसेना म्हणून स्वतः चार वेळा करून पाहिलं. आकडे एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाले, पण क्रम बदलला नाही.

“मग सगळ्या गाड्यांना बारमाहीच लावा ना!”

“त्याचं रबर थंडीतही लवचीक राहावं म्हणून वेगळं मिसळलेलं असतं. चिरांच्या कडाही रस्त्याला धरतात. पण मे महिन्यात, तापलेल्या रस्त्यावर जोरात वळण घे. त्या चिरांमुळे त्याच्या नक्षीतले रबराचे ठोकळे डुलतात, रबर फार मऊ पडतं. उन्हाळी टायरचे ठोकळे मोठे आणि घट्ट. तो तिथे लवकर थांबवतो, नेमका वळवतो. आणि बर्फात दोघांचंही काम नाही, त्याला तिसराच टायर लागतो. सगळीकडे चालतो तो सगळीकडे पहिला येत नाही, शाल्मली.”

सोमवारी चौकशीच्या खोलीत आई चाकाच्या खुर्चीत बसली होती. समोर मैदानाचे व्यवस्थापक भणगे साहेब आणि त्यांच्या शेजारी ‘पारख’ नावाचा यंत्रमानव. मैदानावरची प्रत्येक नोंद पारखच ठेवत असे.

“आमचे टायर सर्वोत्तम आहेत,” भणगे म्हणाले. “तेव्हा प्रश्नच मिटतो.”

“सर्वोत्तम कधी?” शाल्मली उभी राहिली.

“कधी म्हणजे?”

“दुपारी की पहाटे? मे महिन्यात की जानेवारीत?” ती पारखकडे वळली. “त्या वळणावर रस्त्याचं तापमान किती होतं?”

“तीन पूर्णांक आठ अंश,” पारख शांतपणे म्हणाला.

“मग अहवालात का नाही लिहिलंस?”

“मला चालकाविषयी सत्तावीस प्रश्न विचारले गेले. रस्त्याविषयी एकही नाही.”

आजोबांनी एकशे बारावं पान टेबलावर ठेवलं. मग बर्फाच्या डब्यात घालून आणलेली फरशी आणि तुकडे काढले आणि शाल्मलीने सगळ्यांसमोर फरशीची एक बाजू उचलली. उन्हाळी तुकडा आधी घसरून भणग्यांच्या कागदांवर जाऊन पडला.

“अपघाताच्या आदल्या दिवशी मी बारमाही टायर मागितले होते,” आई एकदम म्हणाली. ती भणग्यांकडे रोखून पाहत होती. “तुम्ही म्हणालात, ‘बाई, महागडे टायर लावलेत, गाडी नीट चालवा म्हणजे झालं.’ म्हणून मी स्वतःलाच दोष देत बसले. पारख, आहे का याची नोंद?”

“आहे. दुपारी चार वाजून दहा मिनिटांची.”

भणग्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. “हेमांगीताई, झालं ते वाईट झालं. तुमच्या इलाजाचं आम्ही पाहू, फुलं पाठवू...”

“फुलं नकोत. ते दोन शब्द खोडा. माझ्यासमोर.”

चौकशीच्या अधिकारी बाईंनी ते खोडले. त्या जागी लिहिलं: ‘रस्त्याच्या तापमानाला योग्य नसलेले टायर. चालकाने आधीच सूचना दिली होती.’ त्याखाली नवा नियम आला: रस्त्याचं तापमान मोजल्याशिवाय कुठलीही चाचणी सुरू करायची नाही.

बाहेर आल्यावर आईने शाल्मलीचा हात घट्ट धरला.

“अप्पा,” मग ती आजोबांना म्हणाली, “पाय बरा झाला की मी दोन्ही टायर चालवणार. पहाटे आणि भर दुपारी. प्रत्येक अंशाला कुठला किती धरतो, त्याचा तक्ता करू. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायचा.”

“आणि नाही छापला तर?” शाल्मलीने विचारलं.

“तर या वेळी मी गप्प बसणार नाही,” आजोबा म्हणाले.

शाल्मली खुर्ची ढकलत उतारावरून निघाली. “आजोबा, थंडीत मऊ आणि उन्हात घट्ट, असं एकच रबर नाही का होणार?”

“अजून कुणाला जमलेलं नाही.”

“प्रयत्न कुणी केलाय?”

आजोबा सांगू लागले, आणि तिघं फाटकापर्यंत पोचली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.