आवाज येत नाही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. तेही रात्री-अपरात्री नाही. रविवारी, भर दुपारी, कात्रजच्या एका फ्लॅटमध्ये. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरी.

दीक्षा खराडीत नोकरी करते. सुट्टीचा तिचा एकच उद्योग... जुनी साउंड कार्डं कॉम्प्युटरला लावून बघायची आणि कुठलं कुठे अडतं ते इंटरनेटवर लिहायचं. ही कार्डं चालवणारे ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम, तिच्यासारखीच माणसं हौसेनं आणि फुकट बनवतात. त्यांना या नोंदी लागतात.

त्या दुपारी तिनं जुन्या बाजारातून आणलेलं एक काळं कार्ड लावलं. माइक जोडला.

"हॅलो... एक, दोन, तीन."

मग रेकॉर्डिंग ऐकलं.

पंख्याची घरघर आली. कुकरची शिट्टी आली. खाली कुणीतरी स्कूटर चालू केली, तीही आली.

फक्त... तिचा आवाज नव्हता.

तिनं पुन्हा केलं. ओरडून केलं. तेच!

तिनं आईला, म्हणजे माझ्या मामीला, हाक मारली. "आई, इथे जरा बोल ना."

"यंत्राशी बोलायला वेळ आहे तुला. आईशी नाही," मामी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मामीचं वाक्य स्वच्छ उमटलं. त्यावर दीक्षा मोठ्यानं हसली होती...

हसण्याच्या जागी नुसता पंखा.

तरी सवयीनं तिनं नोंद टाकली. 'बाकी सगळं येतं. फक्त माझाच आवाज येत नाही.'

थोड्या वेळानं नाशिकच्या दत्तप्रसादचं उत्तर आलं. तोही हेच काम करायचा. दोघं कधी भेटले नव्हते, फोनवरही बोलले नव्हते.

'माझ्याकडे हेच कार्ड आहे. माइक लावलेला नाही, तरी एक बाई बोलतेय. फाइल पाठवतोय. कोण आहे ही?'

दीक्षानं फाइल लावली.

"हॅलो... एक, दोन, तीन."

तिचाच आवाज.

मग शांतता. आणि मग त्याच आवाजात, ती कधी बोललीच नव्हती असं काहीतरी...

"आई... दार उघड ना."

मामी स्वयंपाकघरातून लगबगीनं दाराकडे निघाली. "आले गं, आले! किल्ली विसरलीस वाटतं?"

"आई, थांब! मी इथे आहे!"

कडी वाजली. दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं.

मामी वळली. दीक्षाकडे बघत राहिली... अनोळखी पाहुणीकडे बघावं तसं.

"तू कधी आलीस आत?"

दीक्षानं कार्ड उपटलं, मोडून फेकून दिलं. दत्तप्रसाद सांगतो, त्याच्याकडचा आवाजही त्याच दुपारी बंद झाला.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. आतून दीक्षानं हाक मारली, "आई!"

मामी जागची हलली नाही.

मी म्हटलं, "मामी, दीक्षा बोलावतेय."

ती माझ्याकडे झुकली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "ही नाही गं... माझी आली की उठेन."

दीक्षा आमच्या मागेच उभी होती.