ताप आला तर फोन करा

मी पळून चालले होते. बाळांच्या दवाखान्यातून, पाच मिनिटांत आमचं नाव पुकारलं जाणार असताना!

फिनलंडच्या ओउलु शहरातली मार्चची सकाळ, उणे आठ. बर्फावर असं ऊन पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. पायऱ्यांपाशी नेहमीसारख्या बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांत बाळं गाढ झोपलेली; आमच्याकडे बाळांना थंडीतही बाहेरच झोपवतात. मी घाईघाईने बूट चढवले, आमची गाडी ओढली आणि चालू लागले. कोपऱ्यापर्यंत पोचले असेन, तोच मागून कुणीतरी धावत आलं.

"ऐका ना... ती माझी मुलगी आहे."

वळून बघते तर एक उंच माणूस. टोपी नाही, कोट नाही आणि पायात नुसते लोकरी मोजे — बूट आत दारापाशीच राहिलेले. मी गाडीत डोकावले. अंगात राखाडी घुबडांचा तोच पोशाख, त्या वर्षी प्रत्येक नव्या बाळाला मिळालेल्या सरकारी पेटीतून घरोघरी आलेला. निळी गाडीही अगदी आमच्यासारखी. फक्त नाक माझ्या ओत्सोचं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझा मुलगा...?"

"झोपलाय मजेत. एका आजींना लक्ष ठेवायला सांगून आलोय. पण तुम्ही पळत कुठे होता?"

बर्फात मोज्यांवर उभा राहून त्याने हे इतकं निवांत विचारलं, की माझा बांधच फुटला. दवाखान्याकडे परत चालता चालता मी सगळं सांगून टाकलं. ओत्सोचे बाबा त्याच्या जन्माआधीच निघून गेले, त्यामुळे बरंवाईट ठरवणारी मी एकटी. त्याला दात येताहेत, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, गाल लाल, लाळेने लाळेरं ओलंचिंब. आणि आज त्याची गोवराची लस. आई फोनवर म्हणाली होती, आधी दात येऊ देत, मग सुई. पण पुढची वेळ महिन्याने मिळणार. तोवर त्याचं पाळणाघर सुरू होणार आणि शहरात तर गोवराचा एक रुग्ण सापडलाही होता.

"टोचून त्रास झाला तर दोष माझा," मी म्हणाले. "न टोचता गोवर झाला, तरीही माझाच."

तो हसला नाही. त्याचं नाव इल्मारी. त्याच्या हिल्लाला गेल्याच महिन्यात लस दिली होती, आज नुसतं वजन करायला आणली होती.

"तेव्हा तिलाही दात येत होते," तो म्हणाला. "मीही पळणार होतो... पण बूट सापडले नाहीत."

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"नर्सना विचारून तर बघा. त्यानंतरही पळायचं असेल, तर तुमची गाडी मी ओळखून देईन."

मी म्हटलं म्हणून इल्मारीही हिल्लाला घेऊन आमच्याबरोबर आत आला. नर्स केर्त्तुने ओत्सोचा ताप मोजला. सदतीस पूर्णांक एक. हिरडीवर बोट फिरवलं, कान, घसा, छाती तपासली. "दात येताहेत म्हणून लस थांबवायची नसते गं," ती म्हणाली. "चांगला ताप असता, पोर आजारी दिसलं असतं, तर मीच तुला परत पाठवलं असतं." पाच ते बारा दिवसांत लसीमुळे ताप येऊ शकतो, जरा पुरळही उठू शकतं, हेही तिने सांगितलं. मी सात प्रश्न विचारले. सातांचीही उत्तरं मिळाल्यावर मी हो म्हणाले. स्वतःच्या तोंडाने, एकटीने.

ओत्सो मांडीवर, आणि त्याला गुंतवायला इल्मारीने पुढे केलेलं बोट. सुई टोचली तसा ओत्सो ते बोट कडकडून चावला आणि मग टाहो फोडला.

"चार दात आहेत," इल्मारी कळवळत म्हणाला, "आणि चारही कामाचे."

मिनिटभरात रडणं थांबलं. कापसाचा बोळा चिकटवताना केर्त्तु सहज म्हणाली, की आता याचं शरीर गोवराला ओळखायला शिकेल. कधी न भेटताच.

मी बघतच राहिले. नऊ किलोंचा जीव, लाळ गाळणारा, धड उभाही न राहणारा. आणि त्याच्या आत, कुणी न शिकवता, एवढं मोठं काम गुपचूप सुरू झालं होतं! माझे डोळे भरून आले. मान वर केली, तर इल्मारीही त्याच्याकडे तसाच थक्क होऊन बघत होता — परक्या बाळाकडे. माझं मन गेलं ते तिथेच.

निघताना त्याने नंबर लिहून दिला. "ताप आला तर फोन करा. घरी हिल्ला आणि मी, दोघंच असतो." त्याचे कान लाल झाले होते. थंडीने असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पाचवा दिवस गेला, आठवा गेला. मी सकाळ-संध्याकाळ ताप बघत होते आणि ओत्सो खिदळत होता. एक नवा दात तेवढा वर आला. बारावा दिवस संपत आला, तशी माझ्याकडे फोन करायला काही सबबच उरली नाही. संध्याकाळी पाचला मी तसाच फोन केला.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. "ताप आला?"

"नाही. आता येणारही नाही."

पलीकडून हिल्लाचं खिदळणं ऐकू आलं.

"एवढंच सांगायचं होतं," मी पुटपुटले.

"बारा दिवस हा फोन खिशात घेऊन फिरतोय मी," तो हळूच म्हणाला. "सौनात वाफ घ्यायला जातानाही दाराबाहेर बाकावर ठेवायचो. बाळाला ताप येऊ नये, असं अगदी मनापासून वाटायचं... आणि तुझा फोन यावा, असंही वाटायचं. बापमाणसाला हे शोभत नाही."

तुझा, म्हणाला तो. पहिल्यांदाच.

"मग उद्या ये," मी म्हणाले. "ताप नसतानाही येता येतं."