पंखा बंद होता

विश्वास बसणार नाही, माहीत आहे. मलाही बसला नसता. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो.

गेल्या रविवारची दुपार. तिसऱ्या मजल्यावरची ताईची मागची खोली. बाहेर लख्ख ऊन.

ताई घरीच माईकसमोर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तिच्या कॉम्प्युटरचा पंखा इतका घोंघावायचा, की प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे घरघर यायची. काम देणाऱ्यांनी शेवटचं बजावलं होतं. आता घरघर आली, तर काम बंद. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणून तिनं मला बोलावलं.

"हा कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी?" मी म्हटलं.

"जीभ कमी चालव, हात चालव," ताई म्हणाली.

मी सेटिंगमध्ये जाऊन पंख्याचा वेग उतरवला. मशीन तापलं तरच पंख्यानं फिरायचं, नाहीतर गप्प बसायचं. टॉर्च मारून पाहिलं. पाती थांबली होती.

शांतता.

ताईनं एक पान वाचलं. आम्ही ते लावून ऐकलं.

घरघर गेली होती. पण तिच्या आवाजामागे...

कुणीतरी श्वास घेत होतं.

"तुझाच असेल," मी म्हणालो.

"माझा नाही रे. मी तोंड वळवून श्वास घेते. एवढ्या वर्षांची सवय आहे."

मी कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीपाशी हात नेला. हवा आली... कोमट. मग थांबली.

मग बोटांवरून आत ओढली गेली.

पंखा बंद होता.

काही सुचेना. मी वायरच उपटली.

मागे खुर्ची करकरली...

ताईचं तोंड उघडं होतं, पण छाती हलत नव्हती. ओठ निळे पडत चालले होते. तिला बोलता येईना. ती फक्त प्लगकडे बोट दाखवत होती.

मी कशीबशी वायर परत लावली, बटण दाबलं.

आधी जाळीतून श्वास आला...

मग ताईचा.

डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. "घाबरल्यावर होतं असं," म्हणाले. पुन्हा बंद करून बघायची आमची हिंमत झाली नाही. ताईनं पंखा पूर्ण वेगावर ठेवायला लावला, कारण तो श्वास तिला ऐकायचा नाही. काम हातचं गेलं. जाऊ दे. मशीन तेव्हापासून चालूच आहे.

आज सकाळी वॉचमन सांगून गेला, दुरुस्तीसाठी उद्या दिवसभर लाईट नसणार.

माझ्या दुकानात होत्या तेवढ्या बॅटऱ्या आणून मशीनला जोडतोय. मला भयंकर भीती वाटतेय. ताई दारात उभी आहे.

"पुरतील ना रे?" तिनं आत्ताच विचारलं.

मी हो म्हणालो.

तुम्हाला म्हणून सांगतो, पुरतील असं वाटत नाही.