दार शिट्टी वाजवतं

पहिल्यांदा तिला तो दिसला तो फक्त गुडघ्यांपर्यंत. उरलेला तो विमानाच्या पोटाखाली होता.

"ऐकलंत का," ती त्या पायांना म्हणाली, "हे विमान माझं आहे."

"बरं," पाय म्हणाले. "मग तो दहा नंबरचा पाना द्या."

तिने दिला. प्रेमाची सुरुवात अशी झाली. दोघांना मात्र कोणी तसं कळवलं नाही.

विमान तिला मामांनी मृत्युपत्रात ठेवलं होतं. लोकांना मामाकडून घड्याळ मिळतं, फार तर भांडीकुंडी. तिला मिळालं एका इंजिनाचं, दोन माणसांचं आणि वयाने तिच्याहून मोठं विमान. उडवायला मामांनीच शिकवलं होतं. एरवी ती लोकांचे दात काढायची, पण खिशात वैमानिकाचा परवाना होता. अडचण एवढीच, की बरेच महिने पडून राहिलेलं विमान मेकॅनिकच्या सहीशिवाय उडवता येत नाही. आणि पोटाखालच्या त्या मेकॅनिकला विमानांचं सगळं मैदान 'मंगळवार' म्हणायचं, कारण कोणतंही काम विचारा, ते मंगळवारी होणार असायचं.

असे बत्तीस मंगळवार गेले. दर मंगळवारी ती दवाखान्याला दुपारची सुट्टी द्यायची आणि हँगरमध्ये येऊन पाने द्यायची. तो एकेक बोल्ट तीनदा पुसायचा.

"तुम्ही डाव्या बाजूनेच का चावता हो?" तिने एकदा विचारलं.

"सवय."

"उजवीकडची दाढ किडलीये. या एकदा माझ्या खुर्चीत."

"बघू... मंगळवारी."

तेहतिसाव्या मंगळवाराआधी मामी आल्या. हँगरची जागा मामींची होती आणि त्यांच्यासोबत एक हॉटेलवाला होता. त्याला हे विमान हॉटेलच्या गच्चीवर चढवून एकेका पंखावर चार-चार माणसं जेवायला बसवायची होती.

"रविवारी सकाळी उडालं तर तुझं," मामी म्हणाल्या. "नाही उडालं तर ह्यांचं. माझ्या जागेत मला भंगार नको."

शनिवारी संध्याकाळी त्याने सही केली. त्याआधी पेन तीनदा पुसलं, कारण मामांचा एक नियम होता आणि तो मैदानावर अजून पाळला जायचा: ज्याची सही, त्याने पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. आणि मंगळवार जन्मात कधी विमानातून उडाला नव्हता.

"इतकी वर्षं विमानं दुरुस्त करता आणि घाबरता?"

"म्हणूनच घाबरतो, डॉक्टर. आतलं सगळं मला माहीत आहे."

रविवारी सकाळी वारा होता. मामी धावपट्टीच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसल्या. हॉटेलवाला टेपने पंख मोजून गेला. त्याच्या मते तिथे पाच माणसंही बसली असती. तिचे केस डोळ्यांवर येत होते.

"काही आहे का हो... बांधायला?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं, कात्रीने काहीतरी कापलं आणि एक लाल फीत तिच्या हातात ठेवली. तिने केस बांधले. तो बघत राहिला, मग एकदम पाना पुसू लागला. पाना आधीच स्वच्छ होता.

विमान धावलं. तो डोळे घट्ट मिटून, खुर्चीची कड धरून बसला होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं... तेवढ्यात चाकं जमिनीवरून सुटली.

तेव्हा तिने वेगाचा काटा पाहिला.

काटा शून्यावर होता.

झाडं खाली जात होती, मामी बोटाएवढ्या झाल्या होत्या, आणि काट्याच्या मते विमान जागेवर उभं होतं. परत टेकायला पुढे पट्टी उरली नव्हती.

"मंगळवार," ती शांतपणे म्हणाली. दात काढताना ती याच आवाजात बोलायची. "जरासं टोचेल. आपला वेग किती आहे ते मला कळत नाहीये."

त्याने एक डोळा उघडला. काटा पाहिला. मग डाव्या पंखाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग कोणीतरी पुसून नेला.

पंखाखाली एक नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो. जमिनीवर असताना तिच्यात किडे शिरू नयेत म्हणून तिला कापडी टोपडं घालतात, आणि उडण्याआधी ते काढायला कोणी विसरू नये म्हणून टोपड्याला लांब लाल फीत असते. टोपडं अजून नळीवर होतं. फीत तिच्या केसांत होती.

"मी कापली," तो म्हणाला. "तुमचे केस उडत होते. मला दुसरं काही दिसतच नव्हतं, डॉक्टर. बोल्ट तीनदा पुसणारा माणूस मी... आणि टोपडं विसरलो."

तिने वळून मागे पट्टीकडे पाहिलं. वेग फार कमी झाला तर विमान दगडासारखं पडतं. फार जास्त ठेवून उतरलं तर पट्टी संपते आणि पुढे नाला सुरू होतो. या जुन्या विमानात धोक्याचा भोंगासुद्धा नव्हता. मधला, साठच्या आसपासचा वेग अंदाजाने धरायचा होता.

तेवढ्यात त्याच्या बाजूच्या दारातून बारीक शिट्टी ऐकू आली.

"हे काय वाजतंय?"

"दार," तो म्हणाला, आणि ताठ बसला. "मामांनी विमानाच्या वहीत लिहून ठेवलंय! 'दार शिट्टी वाजवतं. साठच्या खाली गप्प बसतं.' वही मला पाठ आहे!"

"साठच्या खाली? नक्की?"

"तारीखसुद्धा सांगू?"

"नको. डोळे मिटा," ती म्हणाली. "तुम्हाला तसंही तेच आवडतं. फक्त ऐका. शिट्टी थांबली की ओरडा."

तिने मोठा वळसा घेतला, पट्टी समोर आणली, इंजिन हळू केलं. झाडांचे शेंडे वर येऊ लागले. शिट्टी लांब होती, मग पातळ झाली...

"आहे अजून," तो पुटपुटला. "आहे... आहे... गेली!"

तिने इंजिन किंचित वाढवलं.

"आली!"

"हे दार तुम्ही बत्तीस मंगळवारांत दुरुस्त का नाही केलं?" तिने समोर नजर ठेवून विचारलं.

"आता सांगू?"

"आताच. मला झाडं दिसतायत."

"बाकी सगळं केव्हाच झालं होतं. दार तेवढं ठेवलं. दार झालं असतं तर काम संपलं असतं... आणि मंगळवारी तुम्ही कशाला आला असता?"

झाडं खालून गेली. ती हळूच म्हणाली, "धावताना काटा बघायचा असतो. पहिल्याच दिवशी शिकवतात. मी तुमच्याकडे बघत होते."

"ग—" तो म्हणाला. "गेली! शिट्टी गेली!"

"जाऊ दे. आता लागत नाही."

चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. नाल्याच्या अलीकडे, एका खुर्चीएवढ्या अंतरावर, विमान थांबलं. त्याने डोळे उघडले तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता. कोणी कोणाचा धरला, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला.

मामी खुर्ची काखोटीला मारून धापा टाकत आल्या. मागून हॉटेलवाला आला, टेप काढत.

"ठेवा तो टेप," मामी म्हणाल्या. "चालतंय अजून." मग दोघांच्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "सगळंच चालतंय वाटतं."

संध्याकाळी त्याने वही उघडली. नियमाप्रमाणे बिघाड लिहावा लागतो. तिने खांद्यावरून वाचलं.

*बिघाड: वेगाचा काटा बंद. कारण: डॉक्टरांचे केस. उपाय: टोपड्याला नवी फीत. जुनी परत मागितलेली नाही.*

"आणि दार?" तिने विचारलं.

त्याने पुन्हा पेन उचललं, उजव्या गालावर हात ठेवला आणि जरा विचार करून लिहिलं.

*दार: तसंच ठेवावं. मेकॅनिकची दाढ: मंगळवारी, नक्की.*