उघड्या डोक्याचा ईस्टर

“बस त्या खुर्चीवर, आणि दाखव तुझ्या भावाला तुझा गुडघा!”

लेम्युएल दारातच थबकला. हातात पांढऱ्या लिलीची कुंडी, अंगात शाळेची बस चालवताना घालायचं तेच जुनं जाकीट, आणि कानावर आईचे हे शब्द... किती वर्षांनी आई त्याच्याशी थेट बोलली होती! एरवी “त्याला सांग, मीठ इकडे कर” असं ती धाकट्याच्या तोंडून बोलायची. या वेळी मात्र तिने स्वतः फोन केला होता. ‘ईस्टरच्या आदल्या दिवशी जेवायला ये,’ एवढंच म्हणाली होती, आणि तो वेडा आठवडाभर तेवढ्यावर जगला होता. आता त्याला कळलं, जेवायला बोलावलं होतं ते त्याच्या मोडक्या गुडघ्याला.

टेबलावर भाजलेलं हॅम होतं, कोलार्डची पालेभाजी होती, मक्याचा पाव होता. समोर कीनन बसला होता, घरातलं शेंडेफळ. लेम कॉलेजात शिकत असताना जन्मलेला हा पोर आता स्वतः कॉलेजातून बास्केटबॉल खेळत होता, आणि असा खेळत होता, की नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या मोज्यांच्या गिरणीच्या गावात चर्चपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत एकच प्रश्न होता... पोरगा राहणार की जाणार? एकच हंगाम झाला होता. व्यावसायिक संघांच्या निवडीत उतरायचं, तर या महिनाअखेरीस नाव द्यायचं होतं.

“बघ नीट,” आई म्हणाली. ओडेलिया पेटिफर्ड बोलायला लागली, की खुद्द पास्टरसाहेबसुद्धा घड्याळाकडे बघायचे थांबत. “हाही असाच निघाला होता. डिग्री अर्ध्यावर टाकून, पैशाच्या मागे! काय झालं? निवडीत शेवटून कुठेतरी नाव लागलं, हंगाम सुरू व्हायच्या आत हाकलून दिला. मग तुर्कस्तान काय, पोलंड काय... गुडघा गेला, कॉलेज गेलं. ना घर का, ना घाट का!”

“आई, गुडघा कॉलेजातही जातो,” कीनन म्हणाला. “आमच्या संघात सेंटरला खेळणाऱ्या पोराचा डिसेंबरात गेला. त्याला काय मिळालं? टाळ्या! वीस हजार माणसं तिकीट काढून आम्हाला बघतात, आणि आम्ही कुणाचं एक सँडविच फुकट खाल्लं तर चोर! अंगात जोर आहे तोवरच विकला जाईल ना?”

“ऐकलंस? अगदी तुझीच भाषा,” आई लेमकडे वळून म्हणाली. “सांग त्याला. सांग, की मी लोभापायी गेलो आणि मातीत गेलो. तेवढं तरी कर भावासाठी.”

ही त्याची भाषा कधीच नव्हती! पण या घरात गप्प बसायची त्याला सवय झाली होती. तो मान खाली घालून म्हणणारच होता, ‘हो, मी लोभापायी गेलो’... आईला हवं तेच, भावाच्या भल्यासाठी, आणखी एकदा. तेवढ्यात त्याची नजर कपाटाशेजारच्या तिवईवर गेली.

तिथे एक गोल, मोठं, सोनेरी फितीचं खोकं होतं.

“ते... ते काय आहे?”

आईचा चेहरा क्षणात उजळला. खोक्याचं झाकण काढून तिने आतली हॅट दोन्ही हातांनी उचलली, जणू तान्हं बाळच! सायीच्या रंगाची, रुंद काठाची, वर पिसांचा तुरा. “उद्या चर्चमध्ये वेल्माचे डोळे पांढरे होतील! शार्लटहून एक बाई आल्या होत्या. मिसेस डुप्री. काय बोलणं, काय वागणं! म्हणाल्या, ‘खेळाडूचं सगळे कौतुक करतात, त्याच्या आईचा मान कोण करतं?’ आत्ता तिकडे हायवेवरच्या हॉटेलातच उतरल्यात, सोमवारपर्यंत.”

लेमच्या हातून लिलीची कुंडी जवळजवळ निसटली.

आईचा मान! शब्द तेच होते, फक्त तेव्हा तो मान बापाचा होता...

तो कॉलेजात खेळत होता त्या वर्षीच्या ईस्टरला डीकन अॅमॉस पेटिफर्ड, चर्चचे एक सेवक आणि त्याचे बाबा, राखाडी सूट घालून चर्चमध्ये आले होते. निळ्या धाग्याची बारीक रेघ असलेला तो सूट पाहून गिरणीतले लोक उठून उभे राहिले होते. आणि आईच्या डोक्यावर जांभळी हॅट! ‘जादा पाळ्या केल्या, थोडं थोडं बाजूला टाकलं,’ बाबांनी सांगितलं आणि साऱ्यांनी मानलं. आठवड्याने कॉलेजच्या जिमबाहेर एक हसतमुख माणूस लेमच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘तुझ्या वडिलांना सूट काय शोभतो रे! आणि आईला हॅट! आता तू माझ्याकडे सही कर, म्हणजे ही गोष्ट आपल्यातच राहील.’

नियम साधा होता आणि क्रूर होता. कॉलेजात खेळणाऱ्या मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी खेळाडूंचे करार करून देणाऱ्या एजंटाकडून रुमाल जरी घेतला, तरी मुलगा बाद. संघाने जिंकलेले सामने पुसले जात आणि नाव वर्तमानपत्रात येई. बाबांना हे ठाऊकच नव्हतं! मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ते लहान मुलासारखे रडले होते. “तो म्हणाला, असा मुलगा घडवणाऱ्या बापाचा मान करायचाय... जन्मात मला कुणी काही दिलं नव्हतं रे लेम! वाटलं, आपलं चीज झालं. तुझ्या आईला सांगू नकोस. ती मला देवमाणूस समजते.”

लेमने सही केली, आणि एजंटाकडे सही म्हणजे कॉलेजचा खेळ कायमचा संपला. घरी येऊन म्हणाला, मला पुस्तकांचा कंटाळा आलाय, मला पैसा कमवायचाय. आईने त्या दिवशी पाठ फिरवली ती फिरवलीच. दीड वर्षाने बाबा हृदयविकाराने गेले. आईने स्वतः इस्त्री करून तोच राखाडी सूट त्यांना घातला, आणि ते त्या सुटातच जमिनीखाली गेले. तेव्हापासून ते लेमच्या स्वप्नात येत. दाराशी उभे राहत, गुंड्यांशी झटत, बोटं सोलून निघत, पण गुंडी काही सुटत नसे. ‘लेम, एवढा काढून घे रे माझ्या अंगावरून...’ परदेशातल्या थंडगार खोल्यांतही ते आले होते. या घराच्या उंबऱ्यावर तर जागेपणीही ते आहेत असं त्याला वाटायचं.

“ती हॅट परत कर, आई.”

“काय म्हणालास?”

“परत कर. डोक्यावर घालू नकोस. आजच्या आज परत कर!”

“बघवत नाही का रे तुला?” आईचा आवाज चढला. “तुझा बाप गेल्यापासून या डोक्याचा विचार केला कुणी? तीच जांभळी हॅट घालून मी दर ईस्टरला देवासमोर उभी राहते. तुझ्या बापाच्या घामाची आहे ती! तू काय दिलंस मला? लाज दिलीस!”

“आई, अगं दादा...” कीनन मध्ये पडू लागला.

“तू गप्प बस!”

लेम कुंडी टेबलावर ठेवून त्या खुर्चीत बसला. खरं बोलावं, तर कबरीत निजलेल्या बापाचा विश्वासघात आणि आईचा एकुलता एक आधार हिरावून घेणं... न बोलावं, तर उद्या सकाळी साऱ्या गावादेखत कीननच्या गळ्यात तोच फास! आणि मग त्याने मध्यममार्ग काढला. आयुष्यभर जे केलं तेच केलं, सारं स्वतःच्या अंगावर घेतलं.

“ही बाई एजंटाची माणूस आहे, आई. मला माहीत आहे, कारण... कारण मीही घेतलं होतं. एजंटाकडून. म्हणून मला कॉलेज सोडावं लागलं. लोभ माझाच होता. पण कीननला आपला निर्णय आपण घेऊ दे.”

आईने हॅट खाली ठेवली. “काय घेतलं होतंस?”

लेमला खोटं बोलण्याचा सराव नव्हता. त्याला फक्त गप्प बसण्याचा सराव होता. घाबरलेल्या जिभेला जे जवळ सापडलं तेच तिने उचललं. “सूट,” तो म्हणाला. “एक... सूट घेतला होता.”

“सूट?” आईच्या कपाळाला आठी पडली. “तुझ्या अंगावर मी जन्मात सूट पाहिला नाही. बापाच्या मयतीलासुद्धा तू उसनं जाकीट घालून आला होतास. बाह्या आखूड होत्या...”

ती बोलता बोलता थांबली.

मागच्या अंगणात बाबांनी रोवलेल्या खांबावरची रिंग वाऱ्याने करकरली.  आईचा उजवा हात टेबलावर पुढेमागे फिरू लागला, सपाट, सावकाश... इस्त्री फिरवावी तसा.

“शार्लटचं दुकान,” अखेर ती पुटपुटली. “अस्तरावर नाव होतं. इस्त्री करताना पाहिलं मी. त्या दुकानात आमच्यासारख्यांनी काचेतून बघायचं फक्त... मनात आलं होतं, कुठल्या जादा पाळ्या? त्या वर्षी तर गिरणी अर्धी बंद होती. मनात आलं, आणि मी त्यावर इस्त्री फिरवली.” तिने डोळे वर केले. “राखाडी होता ना रे, लेम?”

लेमने मान फिरवली.

“आणि माझी हॅट?”

 लेमच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“देवा!” आई मटकन खुर्चीत बसली. “मी ती डोक्यावर मिरवली... दर ईस्टरला! डोक्यावर माझ्या लेकराच्या आयुष्याची किंमत, आणि तोंड त्याच्याकडून फिरवलेलं! अरे, मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?”

“तू त्यांना किती मायेने निजवलंस त्या सुटात, आई... तुझ्याकडे तेवढंच उरलं होतं.”

“आणि तुझ्याकडे?” ती किंचाळलीच. “तुझ्याकडे काय उरलं होतं रे, वेड्या?”

 मग ओडेलिया उठली, त्याच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसली, आणि ज्या गुडघ्याची धिंड काढायला तिने त्याला बोलावलं होतं, त्याच गुडघ्यावर कपाळ टेकून हमसाहमशी रडू लागली. कीनन भिंतीला टेकून दोघांकडे बघत राहिला. सहा फूट सात इंचांचा तो गडी, पण त्या क्षणी एवढ्या मोठ्या देहाचं काय करावं हे त्यालाच कळत नव्हतं.

तासाभराने तिघं हायवेवरच्या हॉटेलात गेली. मिसेस डुप्री गोड हसत म्हणाल्या, “अहो, साधी भेट आहे!”

“साध्या भेटी आम्हाला महाग पडतात,” ओडेलिया म्हणाली आणि खोकं त्यांच्या हातात कोंबून वळली. गाडीत बसल्यावर तिने कीननला बजावलं, “मी हे घरात घेतलं होतं, ते सोमवारी तुझ्या कोचना मी स्वतः सांगणार आहे. काय व्हायचं ते होऊ दे.”

“आणि मी? राहू का जाऊ?”

आईने ओठ घट्ट मिटले. जन्मात पहिल्यांदाच तिने हातातली संधी सोडली. ती मागे वळून म्हणाली, “तुझ्या दादाला विचार.”

“माझं म्हणणं एवढंच,” लेम समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला, “राहा किंवा जा. पण जायचं तर दारातून, तुझ्या पायांनी जा. मला खिडकीतून ढकललं होतं.”

कीननने आपल्या डाव्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाला, “राहतो. एक वर्ष तरी. आईसाठी नाही हं, आणि तुझ्यासाठीही नाही. माझा डावा हात फार कच्चा आहे. तिथले लोक कच्चा खातील मला.”

“फार नाही,” लेम म्हणाला, “पण आहे खरा.” आणि कितीतरी वर्षांनी त्या गाडीत कुणीतरी हसलं.

ईस्टरच्या पहाटे सूर्योदयाच्या प्रार्थनेला सारी मंडळी चर्चमागच्या दफनभूमीत जमतात. गाणी संपली, लोक पांगले, तरी ओडेलिया अॅमॉसच्या कबरीपाशी रेंगाळली. पिशवीतून तिने ती जांभळी हॅट काढली. काठ झिजलेले, फुलांचा रंग उडालेला. बागेतल्या खुरप्याने तिने दगडाशेजारची ओली माती उकरली, लेम पुढे झाला तर त्याचा हात झटकला, आणि हॅट त्या खड्ड्यात ठेवून वर माती लोटली.

“ही घे, अॅमॉस,” ती ठाम आवाजात म्हणाली. “सूट तुझ्याकडे आहेच, ही पण ठेव. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि वर आल्यावर बोलणार आहे तुझ्याशी. पण माझा मुलगा आता मला परत दे.”

मग तिने खुरपं पिशवीत टाकलं आणि लेमचा दंड धरला.

चर्चमध्ये त्या सकाळी हॅटांची बागच फुलली होती. पिवळ्या, गुलाबी, पिसांच्या, जाळीच्या. त्यांच्या मधून ओडेलिया पेटिफर्ड उघड्या, पांढऱ्या डोक्याने, थोरल्या लेकाच्या हाताला धरून पुढे निघाली, तेव्हा बायकांचे पंखे हातातच थांबले.

“ओडेलिया! अगं, हॅट कुठाय?” वेल्माबाई कुजबुजल्या.

“माझी नव्हती,” ती मोठ्याने म्हणाली. “हा माझा आहे. लेम्युएल. ओळखलंस ना?”

पहिल्या बाकावर तिने त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि गाणं सुरू झाल्यावरही त्याचा हात सोडला नाही. लेमने भीत भीत डावीकडे पाहिलं. तिथे डीकनांच्या रांगेत शेवटची जागा बाबांची. इतकी वर्षं तिकडे बघायची त्याची छाती झाली नव्हती. क्षणभर त्याला वाटलं, ते तिथे बसले आहेत... अंगात सूट नाही, जुना पांढरा शर्ट आहे, त्यावर गिरणीत जाताना लावायचे, पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे आहेत, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या आहेत, आणि ते टाळ्यांचा ठेका धरून जरा बेसूरच गात आहेत.

त्याने डोळे पुसले. जागा रिकामी होती. कीनन उठला, आपले लांब पाय सावरत पलीकडे गेला आणि त्या जागेवर बसला.